तळघरातलं अग्निप्रदीपन

“त्याला हात लावू नको,” दादा जिन्यावरूनच म्हणाले.

मी तळघरात बॉयलरसमोर गुडघे टेकून बसले होते. डोक्यावर माझ्या नवऱ्याची, मुकुंदची लोकरी टोपी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काडेपेटी. बॉयलरच्या पोटात एक बारीक ज्योत असते. ती आधी लागते आणि मग तिच्यावरून मोठा गॅस पेट घेतो. ती ज्योत मी सकाळपासून लावत होते, आणि बटणावरचा अंगठा काढला की ती विझत होती. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. घरात तापलेली तेवढी एकच वस्तू होती.

“मग तुम्ही पेटवा,” मी म्हटलं. “उभी हयात बॉयलरपुढे काढलीत की तुम्ही.”

“काढली म्हणूनच सांगतोय. घरात दुःख हाय, शालन. वर्ष फिरलं न्हाई अजून. औंदा अग्निप्रदीपन न्हाई.”

“दादा, हा साखर कारखाना नाही. हे माझं घर आहे. आणि थंडीला आपलं दुःख कळत नाही.”

“थंडीचं मला सांगू नको. सामान भर. गावाकडं ऊन पडलंय नुसतं.”

एवढं बोलून ते वर निघून गेले. लेंग्यावर त्यांनी मुकुंदचा ओव्हरकोट चढवला होता आणि तो त्यांच्या पोटरीपर्यंत येत होता. हा माणूस पहाटे उठून गार पाण्याने अंघोळ करायचा, दिवसभर त्या कोटात बसून राहायचा आणि आपल्याला थंडी वाजत नाही हे मला दाखवण्यासाठी खिडकीशी उभा राहून चहा प्यायचा. मला त्यांचा इतका राग यायचा की काय सांगू.

दादा म्हणजे दिगंबर, माझे थोरले दीर. वाळव्याकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मुकुंद त्यांच्यापेक्षा खूप लहान. सासरे लवकर गेले, म्हणून त्याला शिकवलं ते दादांनीच. तो इंजिनिअर झाला, अमेरिकेत आला, बफेलोत सरोवराच्या काठी आम्ही हे लाकडी घर घेतलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, उन्हाळ्यासाठी बॉयलर बंद करून काही दिवस झाले होते तेव्हा, मुकुंद कामावर असताना खुर्चीतच गेला. आमची केतकी तेव्हा तिसरीत होती. गावाकडे सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं की बाई तिथे एकटी कशी राहणार. मी फोनवर टोलवाटोलवी करत राहिले, तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दादांनाच पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून ते आम्हा दोघींना न्यायला आले. तिघांची तिकिटं त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होती.

मला जायचं नव्हतं. मी तिथल्या वाचनालयात काम करत होते आणि ते काम मला आवडत होतं. पण खरं कारण ते नव्हतं. माझी एक आत्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली मी पाहिली होती. घरातले सगळे तिच्याशी चांगलं वागायचे. तिला कोणी उलटून बोलत नसे, आणि तिला कोणी काही विचारतही नसे. भाजी कोणती करायची एवढंसुद्धा नाही. मला त्या चांगल्या वागण्याची भीती वाटत होती.

तरी मला घर तोडून राहायचं नव्हतं. आईंनी आणि दादांनी हो म्हणावं आणि मग मी राहावं, अशी माझी इच्छा होती. हा हट्ट म्हणा, वेडेपणा म्हणा. ज्यांनी माझ्या नवऱ्याला वाढवलं त्यांना दुखवून त्याच्याच घरात बसायचं, हे मला पटत नव्हतं.

आणि त्या वर्षी थंडीने दादांची बाजू घेतली. ऑक्टोबर अर्धासुद्धा झाला नव्हता तर सरोवरावरून असा वारा सुटला की पहाटे अंगणातलं गवत पांढरं दिसायला लागलं. आमच्या घरात खोल्याखोल्यांतून लोखंडी रेडिएटर होते. तळघरातल्या बॉयलरमध्ये पाणी तापायचं, ते नळांतून त्या रेडिएटरांत फिरायचं आणि घर ऊबदार व्हायचं. उन्हाळाभर सगळं बंद. थंडीपूर्वी पाणी भरायचं, प्रत्येक रेडिएटरच्या कानाशी असलेल्या स्क्रूला छोटी चावी लावून आत अडकलेली हवा काढायची, मग गॅस उघडून बॉयलर पेटवायचा. दुरुस्तीवाल्यांना मी फोन केला होता. पहिल्या थंडीत सगळ्या गावाचे बॉयलर एकदम रुसतात. त्यांनी पुढच्या महिन्यातला दिवस दिला.

हवा काढणं मला येत होतं, कारण मुकुंदच्या मागे वाडगं घेऊन फिरायचं काम माझं होतं. पेटवणं मात्र त्याचं एकट्याचं. त्याचं कारण असं की आमच्या घरी बॉयलर नुसता पेटत नसे, त्याचं अग्निप्रदीपन होत असे.

कारखान्यात गळीत हंगामाच्या आधी बॉयलरची पूजा करून तो पेटवतात. चेअरमन येतात, जोडप्याच्या हस्ते पूजा होते, भाषणं होतात. मुकुंदचं बालपण त्या कारखान्याच्या चाळीत गेलं. त्यामुळे तो दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे गावाकडे घराघरांत हत्यारांची पूजा होते त्या दिवशी, सकाळीच तळघरात जाऊन झाडलोट करायचा, बॉयलर पुसायचा, काय काय खुडबुड करायचा. आम्हाला तोवर खाली यायला बंदी. मी वर शिरा करत असायची. मग तो हाक मारायचा, आम्ही दोघी आरतीचं ताट घेऊन उतरायचो, तो बॉयलरला हळद-कुंकू लावायचा, नारळ फोडायचा, चेअरमनच्या थाटात भाषण ठोकायचा आणि पेटवायचा. अर्धी गंमत, अर्धी खरीखुरी भक्ती. अर्ध्या-अर्ध्याची सीमा कुठे होती ते मला कधी समजलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना मी दादांना सरळ विचारलं.

“दादा, तुम्हाला पेटवता येतो. तुम्ही बघूनच ओळखलं असेल माझं काय चुकतंय ते.”

“व्हय, ओळखलं.”

“मग?”

“मग काय? घर गरम झालं की तू हलणार न्हाईस. मला काय कळत न्हाई व्हय?” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “आई तिकडं डोळ्यांत जीव आणून बसलीया. एक लेक गेला तिचा. नात तरी बघू दे तिला.”

“आणि मी?”

“तू काय परकी हाईस? तुला काय कमी पडणार हाय तिथं?”

“काही कमी पडणार नाही,” मी म्हटलं. “तेच तर म्हणतेय. मला सगळं मिळेल. मला कोणी काही विचारणार मात्र नाही. आत्तासुद्धा तुम्ही तिकिटं काढून आलात, दादा. मला विचारलंत?”

दादांनी मोडलेला तुकडा तसाच ताटात ठेवला. मला वाटलं ते चिडले. मी उठून रिकामी भांडी उचलायला लागले.

केतकी टोपी आणि हातमोजे घालूनच जेवत होती. ती म्हणाली, “काका, तुमच्या कारखान्यात चेअरमन खरंच असं बोलतो?”

“कसं?”

ती खुर्चीवर चढली. हातमोज्याची मूठ तोंडासमोर धरली आणि तिच्या त्या अमेरिकन वळणाच्या मराठीत सुरू झाली: “सभासद बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्या कारखान्याच्या हॅ हंगॅमात... एकही खोली... गार राहणार नाही! ऊस कमी असला... तरी उत्साह कमी नाही!” मग खाली वाकून तिने दादांच्या गळ्यात खोटा हार घातला. “आता मी आपले प्रमुख पाहुणे, श्री. दिगंबरदादा, यांना विनंती करतो की त्यांनी बॉयलर पेटवावा.”

दादा हसत होते. मग त्यांचं हसणं थांबलं. “मुकुंद माझं नाव घ्यायचा?”

“एव्हरी इयर,” केतकी म्हणाली. “तुमची खुर्ची पण असायची. रिकामी. बाबा म्हणायचे, पाहुणे वाटेत आहेत.”

हे मला ठाऊक होतं. पण दादांना ठाऊक नव्हतं. दर वर्षी खंडेनवमीला मुकुंद त्यांना पत्रात ‘बॉयलर पेटवला’ एवढं कळवायचा. खुर्चीचं त्याने कधी लिहिलं नसावं. दादा ताटावरून उठले, हात न धुताच खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिले. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं. पण थोरल्या दिराच्या पाठीवर हात कसा ठेवायचा, ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मला ती लक्षात होती, पण त्या वर्षी सण नसल्यामुळे मी काही बोलले नाही. केतकी शाळेत गेली. मी वाचनालयात निघाले तेव्हा दादा दारापर्यंत आले.

“आज लवकर येशील?”

“का?”

“ये लवकर. बोलायचं हाय तुझ्याशी.”

झालं, मी मनात म्हटलं, आता दिवसभर जुळवाजुळव करून संध्याकाळी माझी शाळा घेणार. पण त्यांनी इतक्या मऊ आवाजात कधी काही मागितलं नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली.

दुपारी घराच्या पायरीशी आले आणि थबकले. सगळ्या खिडक्या आतून धुरकटल्या होत्या. काचांवरून पाण्याचे ओघळ चालले होते. दार उघडलं आणि ऊब अंगावर आली. मी हातमोजा काढून दाराजवळच्या रेडिएटरवर हात ठेवला. गरम! नुसता कोमट नाही, चांगला गरम. मी धावत पुढच्या खोलीत गेले, तिथलाही गरम. केतकीच्या खोलीतला, जो मुकुंदच्या हातूनही कधी धड तापला नाही, तोसुद्धा गरम होता. त्याच्याखाली वाडगं ठेवलेलं होतं आणि त्यात काळपट पाणी. दादांनी प्रत्येक खोलीत फिरून हवा काढली होती.

ज्या घरातली माणसं आठवड्याभरात न्यायची आहेत, त्या घराच्या रेडिएटरांतली हवा कोणी काढत बसत नाही. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी मुलीच्या पलंगावर बसून रडले. आनंदाने रडले. मुकुंद गेल्यापासून पहिल्यांदा.

मग स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर शिरा झाकून ठेवला होता. वरच्या फळीवरचा कुंकवाचा करंडा खाली काढलेला होता. जूनपासून मी त्याला हात लावला नव्हता.

“दादा!” मी हाक मारली. “दादा, अहो, कुठे आहात?”

उत्तर नाही. मी जिन्याने खाली उतरले.

तळघरात दमट वाफारा होता. बॉयलर पेटलेला, त्याच्या छातीवर कुंकवाचा लांब टिळा, समोर फोडलेला नारळ. बाजूला एक रिकामी खुर्ची. आणि बॉयलरसमोरच्या स्टुलावरून घसरून दादा भिंतीला टेकले होते. मान एका बाजूला पडलेली, चेहरा लालबुंद.

हा दुसरा, एवढंच माझ्या मनात आलं. मुकुंदसारखंच. हृदय.

मी त्यांना हलवलं. ते घोरल्यासारखा श्वास घेत होते. मी खाली वाकले तशी माझ्याच कानशिलात घण बसायला लागले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे हृदयाचं नाही. ही हवा वाईट आहे. वास नव्हता, धूर नव्हता, पण हवा वाईट होती. मी गॅसची तोटी बंद केली. तळघराला मागच्या अंगणात उघडणारा एक तिरका लोखंडी दरवाजा होता. तो खांद्याने ढकलून उघडला. मग दादांच्या काखेत हात घातले आणि ओढायला सुरुवात केली. थोरल्या दिराला स्पर्श करायचा नसतो वगैरे सगळं तिथेच राहिलं. मुकुंदचा ओव्हरकोट जाड होता, त्यामुळे ते पायऱ्यांवरून घसरत वर आले. मी त्यांना गवतावर टाकलं, आत धावले, फोन फिरवला आणि पुन्हा येऊन त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. “दादा, श्वास घ्या. दादा, घ्या श्वास. दादा, ऐकताय ना?” शेजारपाजारचे लोक दारात येऊन पाहत होते. मी मराठीत ओरडत होते.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर अग्निशामक दलाच्या एका माणसाने बॉयलरच्या वरच्या धुराड्यात हात घालून एक बोळा ओढून काढला. घट्ट पिळून कोंबलेला जुना पंचा. धुराडं बंद असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू तळघरात साचला होता. आधीच्या एका उन्हाळ्यात धुराड्यातून एक साळुंकीसारखा पक्षी तळघरात पडला होता आणि फडफडून मेला होता. केतकी त्यावर फार रडली होती. मुकुंद तेव्हापासून उन्हाळ्यात धुराडं कोंबून ठेवत असणार आणि खंडेनवमीला आम्हाला खाली बोलवायच्या आधी, त्या खुडबुडीत, बोळा काढत असणार. पूजा असायची म्हणून बोळा निघायचा. तो सांगून गेला नाही. सांगून जायला त्याला वेळच मिळाला नाही.

दादांनी पाणी बघितलं, दाब बघितला, हवा काढली. कारखान्याची चिमणी तीन गावांवरून दिसते. तिच्यात कोणी पंचा कोंबेल हे त्यांच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. आणि पेटवल्यावर ते तिथेच बसून राहिले. ते नेहमी सांगायचे, पहिल्यांदा पेटवल्यावर फायरमनने बॉयलरसमोरून हलायचं नाही, दाब बसेपर्यंत जेवायलासुद्धा उठायचं नाही. ते उठले असते, वर येऊन शिऱ्याला झाकण घालत बसले असते, तर इतकं झालं नसतं. आणि माझ्या हातून तो आदल्या दिवशी पेटला असता, तर मी आणि केतकी रात्री शांत झोपलो असतो आणि सकाळी उठलो नसतो. हा विचार आजही माझ्या अंगावर काटा आणतो.

दादा वाचले. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, दोन दिवसांनी उठून बसले. बोलणं जरा अडखळत होतं आणि हात थरथरत होते. शर्टाची बटणं मी लावून द्यायची. ती लावताना ते तोंड फिरवून बसायचे.

“काय झालं हुतं मला?” त्यांनी विचारलं.

“बॉयलरचा धूर तळघरात कोंडला.”

“बॉयलर?” त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “पेटवला? कुणी?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की या वायूने कधी कधी आधीच्या एक-दोन दिवसांची आठवण पुसली जाते आणि ती परत येईलच असं नाही. पण ऐकणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं.

“तुम्हाला काय आठवतंय, दादा?”

“तू खाली बसली हुतीस. ज्योत इझत हुती. मी म्हटलं, हात लावू नको.” ते थांबले. “फुडं न्हाई काय.”

म्हणजे जेवताना मी विचारलेला प्रश्न गेला. केतकीचं भाषण गेलं. रिकामी खुर्ची गेली. खिडकीशी उभं राहणं, सकाळचं “बोलायचं हाय तुझ्याशी”, सगळं गेलं. ते काय बोलणार होते हे मला त्या गरम रेडिएटरांनी सांगितलं होतं, पण ज्याने सांगितलं तोच ते विसरला होता.

“सामान भरलंस का?” दादांनी विचारलं.

मी त्यांची उशी सारखी केली. घरी आल्यावर सांगू, असं ठरवलं. हळूहळू, समजावून. तुम्हीच पेटवलात, दादा. तुम्हीच कुंकू लावलंत. मला राहायला तुम्ही हो म्हणणार होतात. एकदा त्यांनी हे मान्य केलं की आईंनाही तेच सांगतील, आणि माझा सगळा गुंता सुटेल. मी वाक्यं जुळवत होते. दादा घरी येण्याआधी दुरुस्तीवाले येऊन गेले. अपघात झाला म्हटल्यावर त्यांना लगेच वेळ मिळाला. त्यांनी सगळं तपासून बॉयलर सुरू करून दिला.

दादांना घरी आणलं त्याच दिवशी गावाकडून फोन आला. गावात फोन डॉक्टरांकडे होता. आईंना तिथे बोलावून आणलं होतं. फोन दादांनी घेतला.

“बरा हाय मी, आई... व्हय, चालतोय, जेवतोय... न्हाई, न्हाई. मी कशाला पेटवीन? वर्षाच्या आत मी पूजा करीन व्हय? मी तर न्हाईच म्हणत हुतो.” ते थोडं हसले. “आगं, चाळीस वर्सं बॉयलरवर काढली. माझ्या पाळीत एका माणसाला चटका बसला न्हाई. चेअरमननं सत्कारात सांगितलं हुतं, तू बसली हुतीस की म्होरं. धुराडं न बघता पेटवायला मी काय येडा हाय?”

ते बोलत होते आणि मी त्यांच्याकडे पाहत होते. आवाज मोठा होता, पण मोकळ्या हाताने ते शर्टाचं एक बटण चाचपत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही. त्यांची खात्री नव्हती. त्या पुसलेल्या दिवसात आपल्या हातून काय झालं असेल याची शंका त्यांच्या मनात आली होती, आणि ते माझ्याकडे असे बघत होते की हिने तोंड उघडलं तर आपलं काही उरणार नाही.

“घे, आई तुझ्याशी बोलतीया,” ते म्हणाले आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

“शालन,” आईंचा आवाज लांबून, खरखरत आला. “खरं सांग मला. कुणी पेटवला त्यो बॉयलर?”

मी जुळवलेली वाक्यं जिभेवर होती. ती म्हटली असती तर मी खरं तेच सांगितलं असतं. दादा समोरच्या खुर्चीवर बसले होते. नीट न लागलेलं एक बटण दोन्ही हातांनी धरून, ते सरळ करण्यात गुंतल्यासारखं दाखवत.

“मी पेटवला, आई,” मी म्हटलं.



“दिगूनं न्हाई म्हटलं हुतं ना तुला?”

“हो. म्हणाले होते.”

“आन् तरीबी?”

“थंडी होती, आई. केतकी गारठली होती.”

“एक लेक खाल्लास माझा,” आई म्हणाल्या. “दुसऱ्यावरबी उठलीस. आता ऱ्हा तिथंच. नातीला हवं तर पाठव. तू ह्या दारात पाय ठेवू नको.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी रिसीव्हर कानालाच धरून उभी राहिले. मला जे हवं होतं ते आईंनी एका वाक्यात दिलं होतं, आणि असं दिलं होतं की ते घेताना माझे हात भाजले. त्यानंतर आईंचा आवाज मी ऐकला नाही. त्या गेल्या तेव्हाही मला परस्पर कळलं. गावात आजही लोक असंच सांगतात की धाकट्या सुनेने दुःखाच्या वर्षात बॉयलर पेटवला आणि थोरल्या दिराला मरणाच्या दारात नेलं. सांगू देत.

दादांनी मोठा श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले, चेहऱ्यावर रंग आला. अगदी आमच्या घरी आल्या दिवसासारखा करडा आवाज काढून ते म्हणाले, “म्हातारी बोलती तोंडाला यील ते. मनावर घेऊ नको.”

“नाही घेत.”

“पर चूक तुझी हाय. धुराडं आधी बघायचं असतं गं. शिकलेली हाईस ना तू?”

“चुकलं, दादा.”

“चुकलं म्हणून भागत न्हाई. मरता मरता वाचलोय मी.” ते भिंतीचा आधार घेऊन उठले. “चल खाली.”

“आत्ता? तुम्हाला बरं नाही. बसा जरा.”

“चल म्हणतोय ना.”

ते जिना एकेक पायरी बसत उतरले. बॉयलरसमोर स्टूल ओढून घेतलं. त्यांनी मला बॉयलर विझवायला लावला. मग मेणबत्ती पेटवून ती धुराड्याच्या तोंडाशी कशी धरायची ते दाखवलं. ज्योत आत ओढली गेली तर वाट मोकळी, बाहेर वाकली तर कोंडलेली. त्यांचा हात कापत होता म्हणून ज्योतही कापत होती, म्हणून त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली. मग पाणी, दाब, गॅसची तोटी. बारीक ज्योत लावल्यावर बटण दाबून धरायचं आणि धातू तापेपर्यंत अंगठा काढायचा नाही. माझं त्या दिवशी हेच चुकत होतं. मी एकदा करून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

“पुन्यांदा.”

“आलं की मला, दादा.”

“पुन्यांदा कर,” दादा म्हणाले. “म्होरल्या साली मी नसणार हितं. तुला एकटीला पेटवायचा हाय.”

मी बॉयलर विझवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.